भिंगरीच्या पोटाची मोजणी

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही लेकीने दिली. म्हणाली, "आई, दिवसभर मला फोनवर जे सांगतेस ना, ते यात लिही. यंत्रापाशी फोन घेतला की मुकादम डोळे वटारतो." म्हणजे तोंड आवर असंच म्हणाली, पण साखर लावून. मी तिसरीपर्यंत शिकले. जोडाक्षर आलं की अजून ठेच लागते. लागू दे.

आज भिंगरीला घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी ठरत नाही म्हणून मीच ते नाव पाडलं. अकरा संपून बारावं लागलंय. तिच्या आतड्याला सूज येते. औषधाने जाते, परत येते, मुळातून काही जात नाही. जन्माची सोबत आहे म्हणे. मी डॉक्टरांना म्हटलं, जन्माची सोबत नवऱ्याची असते असं ऐकलं होतं, माझा तर चाळिशीतच सोडून गेला. डॉक्टर हसले. हसणारा डॉक्टर असला की अर्धं दुखणं तिथेच उतरतं.

सध्या पोरगी ठणठणीत आहे. गालावर रंग आलाय. बसमध्ये शेजारच्या बाईला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, औषधाच्या दुकानातल्या पोराला तर दोनदा सांगितलं. वर्षभर रडकं तोंड घेऊन फिरले, आता हसते तर हसू दे की लोकांना कळेल असं.

भिंगरीने डॉक्टरांना शिबिराचं विचारलं. शाळेचं डोंगरावर शिबिर आहे, तंबूत राहायचं. मुलींच्या एका तंबूची ती प्रमुख झालीय. मतदान घेऊन झालीय, उगाच नाही. डॉक्टर म्हणाले, "सूज नसेल तर जा. पंधरा दिवसांनी तपासणी आहे, तेव्हा बघू."

बाहेर आलो तर एक तरुण बाई कागद घेऊन उभी. मुलांना आपल्या आजाराचं किती समजलंय ते मोजायचंय म्हणे. मी म्हटलं, कशाने मोजणार, टेप आणलीय का? "प्रश्नांनी, आजी," ती म्हणाली. वाक्यं असतात, त्यांच्यापुढे तीन चौकोन: बरोबर, चूक, माहीत नाही. कुठे खूण करायची ते मुलाने ठरवायचं. "याचा उपचाराशी संबंध नाही, कसल्या परवानगीशीही नाही. मुलांना कुठे अडतं ते कळलं तर आम्हाला नीट समजावता येईल." कधी घेणार विचारलं तर म्हणाली, पंधरा दिवसांनी, तपासणीच्याच दिवशी.

मी काय आज जन्मले? तोच दिवस, तोच दवाखाना, आणि म्हणे संबंध नाही. परीक्षेला परीक्षा न म्हणता घेतात हल्ली, तेवढं मला कळतं. मोजणीवाली दिसायला गोड आहे, पण भिंगरीचं शिबिर तिच्या कागदात अडकलंय. ते मी सोडवणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काम फत्ते. दवाखान्यात टोपीवाले आजोबा म्हणून आहेत, त्यांच्या नातवालाही हेच पोटाचं. आज भिंगरीचं औषध आणायला गेले तर दोघेही भेटले. त्यांच्या नातवाची मोजणी मागच्याच आठवड्यात झाली. म्हटलं, काय काय विचारलं हो? आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाले, "पोराला विचारतो, त्याच्या ध्यानात असतं." पोरगं हुशार निघालं, घडाघडा सगळं बोललं. मी औषधाच्या पिशवीवर लिहून घेतलं. उत्तरं मात्र त्याला खात्रीने माहीत नव्हती. ती मी औषधाच्या दुकानातल्या पोराकडून बरोबर करून घेतली. बरंच शिकलाय तो. आधी म्हणाला, आजी, मला गिऱ्हाइकं आहेत. मी म्हटलं, मी काय भाजी घ्यायला आलेय का, मीही गिऱ्हाईकच. मग सांगितलं.

मोठी गंमत आहे या आजाराची. अंगात राखण करणारे शिपाई असतात, ते बाहेरच्या रोगाशी लढायचे सोडून घरच्याच आतड्यावर तुटून पडतात. भिंगरीला सांगितलं, घरचं कुत्रं घरच्यालाच चावतं असं लक्षात ठेव. तिने मान हलवली.

११ फेब्रुवारी

रोज शाळेतून आली की घोकून घेते. मी बटाटे सोलते, ती ओट्यावर बसून पाय हलवते.

"सूज म्हणजे?"

"घरचं कुत्रं घरच्यालाच चावतं."

"बरं वाटलं की औषध बंद करावं. बरोबर की चूक?"

"चूक."

"हा आजार तुझ्या काही चुकीमुळे झाला. बरोबर की चूक?"

"चूक."

"रक्त दिसलं तर?"

"लगेच मोठ्यांना सांगायचं."

"सांगितल्यावर काय होतं?"

"डॉक्टर औषध वाढवतात."

"आणि शिबिर?"

"शिबिर बोंबललं."

"म्हणून?"

"म्हणून रक्त दिसायला नको."

शाब्बास म्हटलं. एका दमात बोलते. तिसरा चौकोन आहे ना, माहीत नाहीचा, त्याला हात लावायचा नाही असं बजावलंय. माहीत नाही म्हटलं की गेले मार्क. चुकलं तरी ठामपणे चुकावं. मी आयुष्यभर हेच केलं आणि निभावलं.

गुरुवार. तारीख बघायला उठावं लागेल, राहू दे.

पोरगी मोठी होतेय. नजर लागू नये, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. आता संडासात गेली की कडी लावते आणि नळ जोरात सोडून ठेवते. बाहेर आवाज जायला नको म्हणून. लाज कळायला लागली. तिची आई या वयात दार सताड उघडं टाकून गाणी म्हणायची. आतले कपडेही आपले आपण धुते, मला हात लावू देत नाही. मी लेकीला म्हटलं, बघ, तू लग्नापर्यंत माझ्या गळ्यात टाकत होतीस. लेक म्हणाली, "आई, मी रात्रपाळी करून आलेय, मला झोपू दे."

जेवताना अर्धं ताटात ठेवते. मी रागावले तर म्हणाली, "तंबूत थोडंच मिळणार आहे, आजी. आतापासून सवय करते." एवढा पुढचा विचार आमच्या घरात कोणी केला नाही. दुपारी येऊन झोपते. घोकून घोकून डोकं शिणत असणार. शिबिराचे बूट आणलेत, ते उशाशी ठेवून झोपते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोजणी झाली. मी म्हटलं मी आत बसते, मोजणीवाली म्हणाली मागे बसा, बोलू नका. बोलले नाही. एकदा खोकले, तेवढंच. भिंगरीने न थांबता खुणा केल्या. पेन असं पळत होतं की मला माझंच कौतुक वाटलं. मोजणीवालीने कागद बघितला, परत बघितला. म्हणाली, "सगळं बरोबर आहे." मग भिंगरीला विचारलं, "मला तुझ्या शब्दांत सांग ना, सूज म्हणजे काय होतं?" भिंगरी म्हणाली, "घरचं कुत्रं घरच्यालाच चावतं." "म्हणजे कसं?" भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मला हा प्रश्न ठाऊक नव्हता. टोपीवाल्यांच्या नातवाने हा सांगितलाच नव्हता, आता भेटू देत.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. दुखतं का? नाही म्हणाली. रक्त काढून घेतलं. शीची डबी मात्र आणली नव्हती. सकाळी झालीच नाही म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टर, काळजी नको, उद्या मी स्वतः आणून देते.

१९ फेब्रुवारी

शब्द पाळला. सकाळी उठल्यापासून दाराबाहेर उभी. ती म्हणे राहू दे ना आजी, उद्या देऊ. म्हटलं आजच, नाहीतर डॉक्टर म्हणतील आजीला बोलणं येतं, करणं नाही. बऱ्याच वेळाने डबी दिली, झाकण लावून, खाकी पिशवीत गुंडाळून. हात गार पडला होता तिचा. पाण्यात फार वेळ खेळते. दोन बस बदलून पोचवली आणि परत येताना तिच्या शिबिरासाठी लोकरी टोपी घेतली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यातून फोन आला. सूज फार वाढलीय म्हणे. रक्तातही दिसतंय, डबीतही. सोमवारी नाही, आजच घेऊन या.

मी फोनवरच सांगितलं, तुमच्याकडे डब्यांची अदलाबदल झालीय. माझी नात धडधाकट आहे, मोजणीत तिचं सगळं बरोबर आलंय, विचारा तुमच्याच बाईला. तिकडची मुलगी म्हणाली, आजी, डबीवर नाव आहे. म्हटलं नाव काय, नाव मीही लिहीन.

गेलो. वाटेत मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना, भांडते. डॉक्टरांपुढे बसल्यावर मी सुरुवात केली. त्यांनी मला बोलू दिलं. मग भिंगरीला शांतपणे विचारलं, "किती दिवस झाले?"

तिने खाली बघितलं. मग म्हणाली, "आजी, तू जरा बाहेर बस ना."

मला. बाहेर.

बाहेर बसले. समोर भिंतीवर आतड्याचं चित्र आहे, रंगीत. इतके दिवस त्याच्यासमोर बसून मी लोकांशी गप्पा मारल्या, चित्र आज पहिल्यांदा नीट बघितलं. केवढं लांब असतं ते. एवढं सगळं एवढ्याशा पोटात.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टर हसत नव्हते. शिबिराची यादी लागली त्याच आठवड्यापासून रक्त जातंय. कळही येते. तिने सगळं लपवलं. मी म्हटलं, असं कसं होईल, रक्त दिसलं तर काय करायचं ते तिला पाठ आहे. डॉक्टर म्हणाले, "हो आजी, मलाही तिने तसंच म्हणून दाखवलं."

तिला ठेवून घेतलंय. सलाइनमधून औषध चालू आहे.

२३ फेब्रुवारी

मोजणीवाली वॉर्डात आली. मी आपणहून सांगून टाकलं की मीच शिकवलं, प्रश्नही मिळवले, उत्तरंही. आणि हेही विचारलं की यात वाईट काय केलं? परीक्षेला पोरांना शिकवतातच.

ती स्टूल ओढून जवळ बसली. "आजी, थर्मामीटर तोंडात ठेवायच्या आधी पोराला बर्फ चोखायला दिला तर?"

"तर ताप कळायचा नाही."

"तसं झालं बघा. मला मार्क द्यायचेच नव्हते. मला तिचा ताप बघायचा होता."

असं सरळ सांगितलं असतं पहिल्याच दिवशी तर. सांगितलं होतं म्हणा. माझेच कान बंद होते.

संध्याकाळी भिंगरीचे केस विंचरताना विचारलं, मला का नाही सांगितलंस गं?

म्हणाली, "तू सगळ्यांना सांगत होतीस ना, भिंगरी बरी झाली म्हणून. दूधवाल्यालासुद्धा."

"मग?"

"मग तुला परत सगळ्यांना सांगत फिरायला लागलं असतं."

वेडी पोर. एवढंच ना. दूधवाल्याला काय, उद्या सकाळीच सांगते.

२४ फेब्रुवारी

दूधवाल्याला सांगितलं. तो हळहळला, एवढंच. आभाळ काही कोसळलं नाही. मग भिंगरी असं का म्हणाली ते दिवसभर डोक्यात फिरत राहिलं. शेवटी लेकीला विचारलं.

लेक भांडी विसळत होती. म्हणाली, "आई, तू खूश झालीस की घरात दिवा लागल्यासारखं होतं. तो आपल्या हाताने विझवायचा कोणी?"

मी म्हटलं, मी काय दिवा आहे? तिने विसळलेलं पातेलं माझ्या हातात दिलं, मी पुसून ठेवलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ठरवलं. भिंगरीने काहीही सांगितलं तरी चेहरा बदलायचा नाही. तोंड वाकडं नाही, डोळ्याला पदर नाही, आणि वाहवाही नाही. "बरं, मग?" एवढंच म्हणायचं. आरशापुढे सराव केला. लेक मागून येऊन म्हणाली, दाढ दुखतेय का?

दुपारी वॉर्डात भिंगरीने सांगितलं, "आज चार वेळा. पातळ. रक्त थोडं."

"बरं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "काय झालं तुला?"

"काही नाही. मग?"

"मग काही नाही," म्हणाली आणि हसली. काय हसण्यासारखं होतं कोण जाणे. पण नंतर आणखी बरंच बोलली. कळ कुठून सुरू होते, कुठे जाते, शाळेत तास चालू असताना आली तर ती बाकाची कड कशी धरते. मी मधे बोलले नाही. असं न बोलता बसणं म्हणजे मला ओझी उचलल्यापेक्षा जड. घरी येऊन कंबर दुखली.

३ मार्च, सोमवार

शनिवारी घरी आणलं. औषध वाढवलंय, आता दर काही आठवड्यांनी सलाइन घ्यायला जायचं. आज शिबिराची बस सुटणार होती. मी म्हटलं शाळेत जाऊच नकोस आज, उगाच जीव जळतो. ती म्हणाली, जाणार. तंबूची प्रमुख आता दुसरी मुलगी झालीय, तिला सामानाचं समजावून द्यायचंय.

फाटकापाशी मी थोडी लांब उभी राहिले. मुलींनी तिला घेरलं. का येत नाहीस, का येत नाहीस.

"माझ्या आतड्याला सूज आलीय," भिंगरी म्हणाली. "सारखं संडासला जावं लागतं. आणि तिकडे संडास लांब आहे."

एकीने विचारलं, "आम्हाला होईल का?"

"नाही. लागण होत नाही."

"नक्की?"

"नक्की. हे मला खरंच माहीत आहे."

दुसरी म्हणाली, "मग पुढच्या वर्षी आपला तंबू संडासाला चिकटून लावू."

"शी, वास येईल," भिंगरी म्हणाली.

"तेव्हा प्रमुख परत तूच ना, मग तूच दारापाशी झोप."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मला पुढे होऊन म्हणायचं होतं की अगं पोरींनो, तिला बरं नाही, जपून बोला. जीभ दाताखाली धरली. बस गेली. भिंगरी फाटक धरून वळणापर्यंत बघत होती. मग रडली. चांगली मोठ्याने रडली. मी नुसता हात धरला. काय बोलावं ते मला माहीत नव्हतं, आणि ठामपणे चुकायची हिंमत झाली नाही.

२० मार्च, गुरुवार

मोजणीवालीने पुन्हा बोलावलं होतं. पहिला कागद तिने मोजणीतून काढून टाकलाय. प्रश्नही आता दुसरे केलेत, माझ्यामुळे. टोपीवाले आजोबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या नातवाचा कागदही बाद झाला असणार.

मोजणीवाली म्हणाली, आजी, मागे बसायचं तर बसा. मी म्हटलं नको, माझा खोकला अजून गेलेला नाही. बाहेर बसले. आतून खूप वेळ काही ऐकू येईना. मागच्या खेपेला पेन पळत होतं, आज बहुतेक रांगत होतं. मी तीनदा उठले आणि तीनदा बसले. लोकांशी बोलावंसंही वाटेना.

दोघी बाहेर आल्या. मोजणीवालीचा चेहरा खुलला होता. मी विचारलं, किती बरोबर? ती म्हणाली, "बऱ्याच ठिकाणी 'माहीत नाही'वर खूण आहे. काही चुकलंय." आणि एवढं बोलून माझा हात दाबला, जणू मीच पास झाले. "उद्यापासून हिला काय सांगायचं ते मला आता कळलं. एक गोष्ट तर आजच सांगून टाकली."

काय ते तिने सांगितलं नाही. भिंगरीला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. थांब्यावर येऊन बाकावर बसलो. बस यायची होती.

भिंगरी म्हणाली, "आजी, ते दाबून ठेवल्यामुळे झालेलं नाही."

"काय दाबून ठेवल्यामुळे?"

"शी. शाळेतला संडास घाण असतो ना, म्हणून मी दुसरीपासून दाबून ठेवायचे. घरी येईपर्यंत. मला वाटायचं त्यानेच आतडं सुजलं. म्हणजे माझ्यामुळेच."

"कधीपासून वाटायचं?"

"पहिल्यापासून."

ओट्यावर बसून ती पाय हलवायची तेव्हाही. मी बटाटे सोलत विचारायचे, हा आजार तुझ्या चुकीमुळे झाला, बरोबर की चूक. ती म्हणायची चूक, आणि मी शाब्बास म्हणून पुढचा प्रश्न घ्यायचे. रोज विचारलं मी तिला. रोज.

आरशापुढचा सराव तिथे काही कामाला आला नाही. भिंगरीने तिच्या बाहीने माझं तोंड पुसलं. "अगं, पण नव्हतंच ना तसं. आत्ताच सांगितलं त्यांनी. तू काय रडतेस?"

"बरं," मी म्हटलं. "आणखी काय काय वाटतं तुला?"

तिने जरा विचार केला. "बरंच आहे. चालत जाऊ या का? मधे बागेत संडास आहे, स्वच्छ असतो, मी बघून ठेवलाय."

तेवढ्यात बस आली. दार उघडलं. आम्ही दोघी उठलेल्या बघून ड्रायव्हर थांबून राहिला. मी त्याला हातानेच सांगितलं, जा बाबा तू.